मुकी पिन

तो खरं तर मामीकडे आला होता. सीटकव्हर उसवलं म्हणून.

आमच्या दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे मामी सीटकव्हरं शिवते आणि मागे मी गाड्यांचे स्टिरिओ दुरुस्त करते. मामीचं गिऱ्हाईक माझ्याकडे फिरकत नाही, माझं मामीकडे. पण त्या दुपारी मामी उसवलेली शिवण बघत असताना मी सहज त्याच्या गाडीत डोकावले आणि जागीच थांबले. कंपनीतून आलेला मूळ स्टिरिओ! एकही ओरखडा नाही. हिरवे आकडे, कॅसेटचं दार, गोल बटणं... असा स्टिरिओ दिसला की मला माणसांचं भान राहत नाही.

"हात नका लावू हं," मागून आवाज आला. हळू, पण अगदी स्पष्ट आवाज.

"खाणार नाहीये मी तो."

"तसं नाही... गाडी आत्याची आहे. देताना एकच अट घातली तिने. डॅशबोर्डवरचं काही बदलायचं नाही. समोरच्या दुकानात विचारलं, तर म्हणाले, हा काढून फेका आणि नवा बसवा."

"नवा कशासाठी?"

"मला फोनवरचं ऐकायचं असतं. रोज, गाडी चालवताना. ते माझं कामच आहे."

काम म्हणजे, लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, ती बाजारात यायच्या आधी तो ऐकतो. कुठे शब्द गळला, कुठे वाचणाऱ्याच्या पोटात कावळे ओरडले, कुठे खुर्ची करकरली... सगळं टिपून ठेवतो. दिवसभर नुसतं ऐकायचं! मी दिवसभर बडबड करणारी. मामी म्हणते, माझं तोंड बंद करायचं बटण कंपनीने बसवलंच नाही.

"फेकायचं काही नाही," मी म्हटलं. "आत्यांना कळणारसुद्धा नाही. गाडी ठेवून जा."

कंपनीच्या स्टिरिओत बाहेरचा आवाज आत यायला वाटच नसते. ती मी करून देते. टेपचा आवाज ज्या वायरीतून स्पीकरकडे जातो, ती मध्येच तोडून तिथे एक छोटं सॉकेट बसवायचं. फोनची पिन आत घातली की टेपचा आवाज बंद, फोनचा सुरू. पिन काढली की पुन्हा टेप. त्याचं सॉकेट मी ॲशट्रेच्या आत लपवलं. फक्त एक मेख असते. कॅसेट फिरत नसेल तर स्टिरिओ त्या वायरीकडे लक्षच देत नाही. म्हणून आत एक कोरी कॅसेट फिरती ठेवावी लागते.

"कोरी म्हणजे... काहीच नाही हिच्यावर?" गाडी न्यायला आला तेव्हा त्याने कॅसेट कानाशी धरून विचारलं. कॅसेट कानाशी धरणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

"काहीच नाही. मी स्वतः पुसलीये."

"कशी पुसता?"

मी त्याला माझा जुना रेकॉर्डर दाखवला. नुसतं रेकॉर्डचं बटण दाबलं तर त्याच्या पोटातला माईक खोलीतलं सगळं टिपतो. म्हणून बाहेरचा माईक जोडायच्या भोकात एक बिनवायरीची पिन खुपसायची. मग आतला माईक गप्प बसतो आणि कॅसेटवर जे असेल ते पुसलं जातं. तिला मी मुकी पिन म्हणते.

"अरेरे," तो म्हणाला.

"अरेरे काय?"

"मला वाटलं, हिच्यावर इथली शांतता असेल." तो ओशाळून हसला. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. आम्ही ती रेकॉर्ड करून ठेवतो, वाचनातल्या गाळलेल्या जागा भरायला. इथली छान आहे... मामींचं मशीन लांबून, पंखा, आणि तुम्ही काम करताना हळूच गुणगुणता ते."

"मी गुणगुणत नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि असा बघत राहिला की माझ्या हातातली वायरी जोडायची, सोल्डरिंगची तापलेली कांडी उगीचच टेबलाला टेकली. तो डाग अजून आहे.

मग तक्रारी सुरू झाल्या. पहिली खरी होती: इंजिनाचा वेग वाढवला की स्पीकरमधून शिट्टी येते. मी अर्थिंगची वायर बदलली. दुसरीही खरी असावी. तिसरीपासून मात्र... "डावीकडचा स्पीकर जरा उदास वाटतो," असं कुणी म्हणतं का?

"उदास?"

"म्हणजे उजव्यापेक्षा."

मी डाव्या स्पीकरची जाळी काढली, पुसली, परत बसवली. तेवढ्यात त्याने मला एका वाचणाऱ्या बाईंची गोष्ट सांगितली, ज्यांना दर पानाला उचकी लागायची. मी इतकी हसले की मामी कात्री घेऊन आत बघायला आली.

"गेला का उदासपणा?" मी विचारलं.

"गेला," तो म्हणाला. माझ्याकडे बघून, स्पीकरकडे नाही.

मामीने त्याचं नाव तक्रारवाले ठेवलं. आणि मी? त्याच्या गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज मला दहा गाड्यांत ओळखू यायला लागला. तो आला नाही त्या दिवशी दुपार लांबायची, आणि आला की मी मुद्दाम पाठ फिरवून बसायचे. काय वेडेपणा!

मग एका सकाळी तो कसलीच तक्रार न घेता आला.

"उद्या जातोय," तो म्हणाला. "दुसऱ्या शहरात. मोठा स्टुडिओ आहे... सोमवारपासून रुजू. सहा तासांचा रस्ता आहे, आणि ही कॅसेट करकरायला लागलीये. नवी द्याल करून? संध्याकाळी नेतो."

"देते," मी म्हटलं. बडबड करणाऱ्या मला एवढा एकच शब्द सुचला.

कॅसेटची एक बाजू पुसून झाली. तेवढ्यात मामीला माझ्या टेबलावर कापड पसरायचं होतं, म्हणून तिने रेकॉर्डर उचलून खिडकीत ठेवला. मी कॅसेट उलटली, बटण दाबलं आणि वायरी गुंडाळत बसले. डोळ्यांसमोर वायरी नव्हत्याच.

संध्याकाळी त्याने कॅसेट घेतली. आमची बोटं क्षणभर लागली, की मलाच तसं वाटलं...

"येतो मग."

"पोचल्यावर..."

"काय?"

"आवाज नीट येतोय का बघा," मी म्हटलं. असली मी शहाणी!

दुसऱ्या दिवशी दुपारी कापडावर खुणा करायला मामीने खडूचा डबा उघडला आणि त्यात मला माझी मुकी पिन दिसली.

पिन इथे, म्हणजे काल दुसऱ्या बाजूला रेकॉर्डरचा माईक जिवंत होता. आणि काल, वायरी गुंडाळताना, मामी मला काय काय विचारत होती, आणि मी काय काय बोलले होते!

फोन करावा? करून काय सांगायचं, कॅसेट ऐकू नका? म्हणजे ऐकणार नसेल तरी लगेच ऐकेल. आणि ऐकायचं कारणही नव्हतं. फोनची पिन लावलेली असेपर्यंत कॅसेट नुसती फिरणार. मी खिडकीशी बसून ते डोळ्यांसमोर आणत राहिले... लांबलचक रस्ता, दोन्हीकडे उन्हात वाळलेलं गवत, त्याचा हात स्टिअरिंगवर, आणि त्या हिरव्या आकड्यांमागे माझा आवाज गोल गोल फिरतोय, अगदी त्याच्या गुडघ्यापाशी, आणि त्याला ऐकू येत नाहीये. त्याने ऐकू नये म्हणून मी देवाला विनवत होते. आणि त्याने कधीच ऐकलं नाही तर, याचीही तितकीच भीती वाटत होती.

ऊन कलता कलता गाडीचा दरवाजा लागला. दहा गाड्यांत ओळखू येणारा.

मी पाठ फिरवून बसले.

"तक्रार आहे," तो म्हणाला.

"काय?"

"कॅसेट कोरी नाही."

मामीचं मशीन एकदम जोरात चालायला लागलं.

"तुम्ही... फोनची पिन कशाला काढलीत?" मी रागावून विचारलं. दुसरं काही जमेना.

"तुमच्या हातची शांतता ऐकावीशी वाटली. शहर मागे पडल्यावर." तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "आणि मामींचा आवाज आला, 'आवडतो ना तो तुला?' मी गाडी बाजूला घेतली. मग बराच वेळ नुसता पंखा. आणि मग तुम्ही म्हणालात—"

"नका सांगू!"

"'आवडतो गं. इतका आवडतो की त्याच्या गाडीत बिघडण्यासारखं काही उरलं नाही, याचंच रडू येतं.'"

कान असे तापले की वाटलं, आता त्यांनीच सोल्डरिंग होईल.

"किती वेळा ऐकलंत?"

"कॅसेट आपोआप उलटते ना... दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तेवढा वेळ वाट बघायची, की परत तुमची बाजू येते. दोन फेऱ्या झाल्यावर गाडी वळवली. उदास स्पीकर खोटा होता. त्यानंतरच्या सगळ्या तक्रारीही."

"माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

तो 'अगं-तुगं'वर कधी आला ते त्यालाही कळलं नव्हतं.

"तू तरी बोललास?" मी विचारलं. "ऐकण्यातच जन्म घालवणार आहेस का?"

त्याने खिशातून कॅसेट काढून माझ्या तळहातावर ठेवली. "सोमवारी जावंच लागेल. पण दर आठवड्याला सहा तास यायचं आणि सहा तास जायचं, तर रस्त्यात ऐकायला काहीतरी लागेल. एक बाजू रिकामीच आहे."

मी कॅसेट रेकॉर्डरमध्ये घातली, रिकामी बाजू वर करून. खडूच्या डब्यातली मुकी पिन उचलली. त्याचा चेहरा पडला. मग मी ती पिन पुन्हा डब्यात टाकली, झाकण लावलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

"बोल."

तो माईककडे वाकला. माझ्या इतक्या जवळ की त्याचा श्वासही टिपला गेलाय.

"मला... बोलायची सवय नाही," तो म्हणाला. "पण आवडतेस. गुणगुणतेस तेव्हा. मी गुणगुणत नाही म्हणतेस, तेव्हा तर फारच."

पिन खडूच्या डब्यात कशी गेली, हे मी मामीला अजून विचारलेलं नाही. ती कॅसेट आजही त्याच्या गाडीत आहे. ॲशट्रेतलं सॉकेट आत्यांना अजूनही कळलेलं नाही. त्या बाजूवर त्याचं एवढंच बोलणं आहे. मग मामीचं मशीन थांबल्याचं ऐकू येतं, मग बराच वेळ आमच्या खोलीची शांतता, आणि अगदी शेवटी मामीचा आवाज: "झालं असेल तर चहा टाकते."