मैद्याच्या पोत्याशी बोलणी

"दोन्या ऑक्ताविया, यापुढे केकवर कोणती फुलं काढायची ते मी ठरवणार... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर... नाही, राहू दे, तुम्हीच ठरवा—"

"पोतं काही बोललंसुद्धा नाही, तरी तू माघार घेतलीस?"

नोएमी दचकली. कोठीच्या दारात बेकरीत नवा लागलेला भट्टीवाला एलिसेओ उभा होता, भुवयांपर्यंत पिठाने माखलेला. आणि हसत होता, मेला! तिला अस्सा राग आला... आणि हसूही.

मेक्सिकोतल्या पुएब्ला गावच्या त्या बेकरीत लग्नाचे केक सजवायची ती नोएमी. पण साधी पाकळी वळवायची तरी मालकीणबाईंना, म्हणजे दोन्या ऑक्तावियांना, विचारावं लागे. आता हे तिच्याने होईना. बाई नाही म्हणाल्या, तर ती गाव सोडून बहिणीकडे ग्वादालाहाराला जाणार होती.

"मागणं मांडायचं आणि गप्प बसायचं," एलिसेओ म्हणाला. "जो आधी बोलेल तो हरला."

मग रोज दुपारी तो पोत्यावर बसून मालकीण व्हायचा, डोळे वटारायचा. नोएमी त्या डोळ्यांत बघायची... आणि मागणंच विसरायची. झालं कल्याण!

जानेवारीत तीन राजांच्या सणाला सगळ्यांनी मिळून रोस्का कापला. त्या गोड पावात इवलीशी बाहुली दडवलेली. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने फेब्रुवारीत सगळ्यांना तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे. यंदा ती कुणालाच मिळाली नाही म्हणे!

तिथेच, सगळ्यांसमोर, नोएमीने देवाचं नाव घेतलं. "दोन्या ऑक्ताविया, सजावट मी ठरवणार. नाहीतर मी चालले."

आणि ती गप्प बसली.

बाईही गप्प! एरवी तोफेसारखं सुटणारं तोंड घट्ट मिटलेलं, एक गाल फुगलेला. नोएमीच्या 'राहू दे' अगदी ओठांवर आलं. तिने एलिसेओकडे पाहिलं... त्याने हळूच मान हलवली. नाही, बोलू नकोस.

शेवटी बाईंनीच जोरजोरात होकाराची मान डोलावली, त्यांना ठसका लागला, आणि टेबलावर टपकन पडली—बाहुली!

"गालात दडवली होती!" सगळे ओरडले. "तामाले बाईंचे!"

"तामाले देते गं बाई! पण ती मान मी—"

"सगळ्यांनी बघितलीय, बाई," नोएमी म्हणाली आणि पुन्हा गप्प बसली.

"बरं, बरं! ठरव तू!" बाईंनी हात टेकले.

कोठीत एलिसेओ मैदा चाळत होता. तिने दार लोटलं. या वेळीही आवाज ठाम होता.

"मला तू आवडतोस. तुझं काय?"

"मला पण!" तो इतक्या घाईने म्हणाला, की तिला गप्प बसायला वेळच मिळाला नाही.

"हरलास..."

"केव्हाच," तो म्हणाला. "तू पोत्याशी बोलत होतीस ना, तेव्हाच."