थांब रे, आले

या, बसा. तो दिवा जरा अलीकडे ओढा. ही गोष्ट सांगताना समोर माणसाचं तोंड दिसलेलं मला बरं वाटतं.

माझा स्टुडिओ म्हणजे एक खोली आणि तिच्या पोटात दुसरी, काचेची. खिडकी एकही नाही. दुकानांच्या जाहिराती, फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा', असली पोटापाण्याची कामं मी तिथे रेकॉर्ड करतो. आणि फुकटात भाचरांचा बँड. थोरली बेस गिटार वाजवायची, धाकटा ड्रम. डूम आणि डेथ मेटल म्हणतात त्या प्रकाराला, संथ, जड, गुरगुरता. त्यांचा गाणारा दिवसा दातांच्या डॉक्टरकडे 'या काकू, घाबरू नका' म्हणत पेशंट बसवतो, आणि संध्याकाळी माइकसमोर असा गुरगुरतो की काकूंनी बघितलं तर दात तिथेच टाकून पळतील! मी चिडवायचो, "अरे, तुमच्या दोन ठोक्यांमधे माझा चहा उकळून होतो."

धाकटा हसायचा. "दोन कप ठेव मामा. ताई अजून यायचीय."

थोरली लहानपणापासून उशिराची. शाळेत निघायच्या वेळी हिच्या बुटांच्या नाड्या लोंबतायत आणि हा फाटकात दप्तर घेऊन उभा. "थांब रे, आले." हा आपला थांबायचा. ड्रमवरही तेच. तिचं बोट तारेवर जरा उशिराच पडायचं. तो स्टिक वर धरून तिच्या खांद्याकडे बघत राहायचा आणि ठोका बरोबर तिच्यासोबत टाकायचा. मला ते संगीत कधी कळलं नाही, पण ते बघताना माझा चहा गार होऊन जायचा.

मग धाकट्याचं आजारपण निघालं. फुप्फुसं. तीन गाण्यांचा छोटासा अल्बम करायचा त्यांचा बेत होता. तो म्हणाला, "हात चालतायत तोवर माझं घेऊन टाक मामा. बाकीचे नंतर त्याच्यावर वाजवतील. पण हे बाहेर आलं पाहिजे." एका बैठकीत त्याने तिन्ही गाण्यांचे ड्रम एकट्याने वाजवले. ठोक्यांच्या मधला त्याचा घरघरता श्वाससुद्धा माइकने टिपला. तो मी नंतर पुसणार होतो. धाकटा गेला आणि माझा हातच धजेना.

बाकीच्यांची गिटार झाली, गाणं झालं, राहिला फक्त बेस. थोरली काही येईना. बँड ताटकळला, माझी बहीण रोज विचारायची, "माझ्या लेकराचं शेवटचं काम कधी ऐकू मी?" शेवटी एका दुपारी ती आली. थेट काचेच्या खोलीत बसली, हेडफोन चढवले.

मी मनात म्हटलं, आता पंचाईत. रेकॉर्ड झालेले ड्रम काही कुणासाठी थांबत नसतात. ही उशिरा वाजवणार आणि सगळं घसरणार.

पण पहिल्या गाण्यात एकही ठोका चुकला नाही. दुसऱ्यातही नाही. पोरीने घरी घोटून घेतलंय, मी म्हटलं. वाजवत मात्र ती होती तशीच, उशिरा. मला दिसत होतं ना! तरी ठोका तिच्यासोबतच पडत होता.

तिसऱ्या गाण्याचा अगदी शेवटचा ठोका राहिला होता. तिने बोट तारेवर ठेवलं... आणि थांबली.

ठोका पडायला हवा होता. पडला नाही.

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालती रेघ सरकत होती आणि ठोक्याचा उंचवटा तिच्यापुढे बोटभर अंतरावर. रेघ सरकली की तोही पुढे. माझ्याही हेडफोनमध्ये नुसता श्वास. घर्र... घर्र...

"मामा..." ती पुटपुटली. "थांबलाय तो."

"वाजव बाळा."

"नाही वाजवणार. वाजवलं की संपलं."

मलाही तो हवाच होता की. आम्ही दोघं तसेच ऐकत बसलो. खोलीत औषधाचा वास यायला लागला, त्याच्या उशाशी यायचा तोच. श्वास जड होत चालला. मधे अडकायचा, मग ओढून घेतल्यासारखा यायचा. तो शेवटच्या आठवड्यातला श्वास होता, आणि तो तर मी कधी रेकॉर्ड केलाच नव्हता.

"अगं..." मी माइककडे वाकलो. "त्याने स्टिक वर धरलीय. हात दुखत असेल गं त्याचा."

तिने डोळे मिटले आणि वाजवलं. ठोका तिच्यासोबत पडला. मग एक लांब, मोकळा श्वास आला. त्यानंतर काहीच नाही. थोरलीने हेडफोन काढून ठेवले, तोंड झाकून रडत बाहेर गेली. मी तिला जाऊ दिलं.

मी एकटाच राहिलो होतो. बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात हेडफोनमध्ये स्टिकवर स्टिक वाजली. टक्... टक्... टक्... टक्. नवीन गाणं सुरू करताना तो मोजायचा, तसं. आणि पुढे शांतता, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी.

ते मी कापलं. कापलं आणि पुसून टाकलं. कुणाला सांगितलं नाही, बहिणीलासुद्धा नाही. अल्बम बाहेर आला, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, बहिणीने तीनदा ऐकला.

आज थोरली आली होती. गाणाऱ्याने दिलेला अल्बमचा टी-शर्ट अंगात. चहा प्यायली, चार गोष्टी बोलली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग म्हणाली, "मामा, शेवटी तो स्टिक्स वाजवतो, ते तू का कापलंस?"

मी कप खाली ठेवला. "तू... कुठे ऐकलंस?"

"घरी. रोज वाजवतो. नवीन गाणं सुरू करायचंय त्याला." ती हसली, पूर्वीसारखी. "मी म्हटलं, थांब रे, आले."

अगं, असं काहीतरी बोलू नकोस, म्हणेपर्यंत ती उठून दारापर्यंत पोचली होती. मी तिच्या पायांकडे बघितलं. जन्मभर लोंबत राहिलेल्या तिच्या बुटांच्या नाड्या, दोन्ही, घट्ट बांधलेल्या होत्या.