हंड्यात उमटलेली मुलगी

"डोळे कपाळावर आहेत की टाचेला?"

कालव्याकाठी चिट्टेम्मानं नुकतंच धुऊन वाळत घातलेलं कापड, आणि त्यावर चिखलाच्या पायांनी उभा असलेला एक परका तरुण. खांद्याला बोचकं, हातात चितारायचं बांबूचं कलम. पाय उचलायचं सोडून तो हिच्याकडेच बघत राहिला.

"चुकलं... मी सूरन्ना. पालकोल्लूचा. वेंकय्यांकडे चितारी म्हणून आलोय."

"ते माझे वडील. धू आता हे."

मच्छलीपट्टणात त्यानं केलेलं पहिलं काम ते.

पुढं तीन महिने तो इराणी व्यापाऱ्याच्या पडद्यांवर वेली रेखत होता, आणि ती रंगाच्या हंड्याखाली जाळ घालता घालता त्याला छेडत होती.

"तुझा मोर कोंबडीसारखा दिसतोय."

"मग समोर येऊन बस ना. मान कशी वळवतात, ते तरी कळेल."

ती धुराचं निमित्त करून तोंड फिरवायची... हसू लपत नसे.

शेवटचा पडदा झाला. दुसऱ्या दिवशी सूरन्ना गावी परतणार होता. त्यानं एक लहान तुकडा तिच्या हातात दिला. "एवढा उकळशील? नमुना आहे."

कापड कोरंच वाटत होतं. तुरटीच्या पाण्यानं काढलेलं चित्र लाल रंग देणाऱ्या मुळांच्या हंड्यात शिजल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. पण निघायच्या सकाळी हंडा ढवळायची काठी वेंकय्यांनीच हातात घेतली, आणि तुकडा त्यांनीच वर काढला.

लालभडक मुलगी. गाल फुगवून फुंकणी फुंकणारी. केसांची बट कपाळावर.

कारखान्यातले सगळे हात थांबले.

"ही कोण रे?" वेंकय्यांनी विचारलं.

सूरन्ना पुढं आला; कारखान्यातल्या सगळ्यांसारखा तोही त्यांना नायना, म्हणजे बाबा, म्हणायचा. "तोंडानं सांगायचा धीर होत नव्हता, नायना..."

"म्हणून माझ्या हंड्याला बोलायला लावलंस?"

"गावी आई आहे. सून आण म्हणते. मला मात्र... हीच हवी आहे."

वेंकय्यांनी लेकीकडे पाहिलं. तिनं तुकडा त्यांच्या हातातून घेतला, नीट निरखला.

"माझे गाल एवढे फुगत नाहीत," ती म्हणाली.

"फुगतात," वेंकय्या पुटपुटले.

तिनं तुकडा पिळला, घडी करून कमरेला खोचला. मग भाताचं मडकं उचलून सावलीकडे चालू लागली. दोन पावलांवर थांबली... मागं न बघता म्हणाली,

"बावा, जेवायला चल. भात गार होतोय."

त्या मुलखात बाईमाणूस ही हाक नवऱ्याला मारतं, नाहीतर ज्याला नवरा करायचं ठरवलंय त्याला. वेंकय्यांनी काठी खाली ठेवली आणि सूरन्नाच्या पाठीवर थाप मारली.

"जा. तिला दोनदा बोलवायची सवय नाही."