उमरीला ठेवलेली डिस्क

ऐका पोरांनो, मधे कोणी बोलू नका. नांदेडचा वीरण्णा माझ्या चांगल्या ओळखीचा, पदरचं सांगणारा माणूस नव्हे. त्याची खाजगी रक्तपेढी होती. एकोणीस एप्रिल दोन हजार सोळा, मंगळवारची रात्र, सव्वाअकरा. गाडी काढून तो उमरीला निघाला, एक डिस्क आणायला.

आदल्या दिवशी पेढीच्या ऑफिसला आग लागली होती. दुष्काळ असा, की विझवायला टाकीत बादलीभर पाणी नव्हतं. कॉम्प्युटर जळला, त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधला बॅकअपही जळला. आणि इकडे त्याची लेक महादेवी बाळंतपणात रक्तस्रावानं मरणाच्या दारात. तिचा रक्तगट बॉम्बे ग्रुप, दहा हजारांत एखाद्याचा, दुसरं रक्त चालत नाही. रक्त द्यायला कोणाला बोलवायचं, ती नावं त्या आगीत गेलेली.

जुना ऑपरेटर मारोती सांगून सांगून थकला होता, "मालक, एक कापी गावाबाहेर पाह्यजे." मालक हसण्यावारी न्यायचा. मग दर शनिवारी मारोती स्वतःच यादीची डिस्क उमरीला बहिणीकडं ठेवून यायचा. दिवाळीआधी असाच परत येताना टँकरखाली गेला. वीरण्णा त्या बहिणीला भेटायलासुद्धा गेला नव्हता. त्या रात्री गाडीत त्याला याची फार लाज वाटली. पण रक्तगट काही बदलत नाही, जुनी यादीही चालेल, असं तो मनाशी म्हणत राहिला.

साडेबाराला कडी वाजवली. मारोतीच्या बहिणीनं, सरजाबाईनं दार उघडलं. त्यानं तोंड उघडायच्या आत फडक्यात गुंडाळलेली डिस्क पुढं केली.

"ह्या शनवारी ठिवून गेला. जेवला बी न्हाई."

"कोण?"

"...भाऊ."

"बाई, मारोती तर..."

"हाव."

वीरण्णा डिस्क घेऊन गाडीकडं वळला.

दोनला तो घरी पोचला. घरच्या कॉम्प्युटरला डिस्क लावली. यादी उघडली. देगलूरचा बसवराज, बॉम्बे ग्रुप. नोंद... मार्चमधली. मारोती जाऊन तेव्हा चार महिने झालेले. तरी वीरण्णानं फोन लावला.

"हाव, निघालो साहेब," बसवराज म्हणाला.

वीरण्णाच्या जिवात जीव आला. मग नजर खाली गेली. शेवटची ओळ. तारीख त्याच रात्रीची.

'महादेवी. रक्ताची गरज उरली नाही. वेळ दोन चाळीस.'

भिंतीवर पाहिलं... दोन पंचवीस.

दवाखान्यात फोन केला. नर्स म्हणाली, श्वास चालू आहे. वीरण्णानं ती ओळ पुसली. फाईल बंद केली. देवाचं नाव घेत बसला...

दोन चाळीसला फोन वाजला.

ती डिस्क मी या डोळ्यांनी पाहिलीय. ओळ तिथंच आहे.