शेवटच्या थांब्यावरची डबल बेल

खोटं वाटत असेल तर वाटू दे. पण क्लिफर्ड एन्टविसल थापा मारणारा माणूस नव्हे. तो आमच्या शेजारी राहतो, भिंतीला भिंत लागून. हे सांगताना त्याच्या हातातला चहा गार होऊन गेला होता.

नोव्हेंबर १९७३. इंग्लंडमधल्या बोल्टनच्या वरच्या माळावरचा बसचा शेवटचा थांबा. दुपारचे चार, आणि धुकं असं की समोरचा दिव्याचा खांब दिसेना.

बस चालवणारा क्लिफर्ड थकला होता. नुसता थकला नव्हता, पार पिचला होता.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या डबलडेकरचं इंजिन पुढे, चढायची जागा मागे, आणि तिथे उभी विनी हार्ग्रीव्ह्ज. एकोणीस वर्षं त्याची कंडक्टर. तिने एक बेल दिली की थांबायचं, डबल बेल दिली की निघायचं. त्याशिवाय चाक हलवायचं नाही.

मग नव्या गाड्या आल्या. इंजिन मागे गेलं, दार ड्रायव्हरशेजारी आलं. तिकिटंही त्यानेच द्यायची. मग कंडक्टर हवी कशाला?

"आता तूच चालव, तूच सुट्टे दे, तूच शिव्या खा," विनी म्हणाली होती. "माझी आठवण येईल बघ, मेल्या!"

तिच्या नोकरीचा शेवटचा आठवडा नव्या गाडीवरच गेला. तिकिटं तो देई, बेल ती. शेवटच्या दिवशी याच थांब्यावर ती पाय मोकळे करायला उतरली. पाऊस होता. दमलेल्या क्लिफर्डने दाराची कळ दाबली...

आणि निघाला.

बेल न ऐकता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढची गाडी तासाभराने होती. विनी रागारागाने चार मैल भिजत चालत आली. पंधरवड्यात न्यूमोनियाने गेली. "चुकलं माझं" एवढं म्हणायचंही राहून गेलं. ते त्याला आतून खात होतं.

आता वर्षभराने, त्याच थांब्यावर, गाडी रिकामी होती. वरचा मजला दाखवणाऱ्या आरशात त्याने पाहिलं. कुणी नाही. दार मिटून तो निघाला.

टिंग...

एक बेल.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. आरशात नुसती रिकामी बाकं.

तो पुन्हा निघाला.

टिंग...

"कोण आहे वर?"

दोन्ही मजले पाहून झाले. कुणी नव्हतं. मागे इंजिन धडधडत होतं, तेवढंच.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने दार उघडलं.

"चढ, विनी," तो धुक्याकडे बघून म्हणाला. "चुकलं माझं गं. फार दमलो होतो."



तो खाली उतरला. हाका मारत चार पावलं पुढे गेला.

पाठीमागे... टिंग टिंग.

डबल बेल!

फस्स करून दार मिटलं. काही केल्या उघडेना. त्याचा कोट आत. गाडी मात्र जागची हलली नाही.

क्लिफर्ड चार मैल धुक्यात भिजत डेपोपर्यंत चालत आला.

डेपोतला मेकॅनिक गाडी घेऊन परतला, तेव्हा वैतागला होता. "दार तर सताड उघडं होतं, म्हाताऱ्या! चालत कशाला आलास?"

तेव्हा लागलेला खोकला अजून गेलेला नाही. मला हे सांगून झाल्यावर तो बराच वेळ कान देऊन बसला.

"एक बेल रोजच ऐकू येते," तो म्हणाला. "तिची भीती नाही वाटत. डबल बेल आली, की मला निघावं लागेल."

हे परवाचं. काल रात्रीही भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू येत होता.

आज सकाळपासून मात्र...

मी अजून त्याचं दार वाजवलेलं नाही.