नटावरच्या दोन रेघा

"टाच टेक! आधी टाच टेक!" चष्मिस ओरडला.

"टेकलीय! केव्हाची टेकलीय!"

टिल्लूची टाच खरंच टेकलेली होती. उंची मोजायच्या फळीवरच्या लाल खुणेच्या वर त्याचे उभे राहिलेले केस आणि नीट पाहिलं तर बोटभर डोकंसुद्धा दिसत होतं. दारावरच्या दादाने शिट्टी वाजवून त्याला आत सोडलं. बागेतला सगळ्यात उंच, सगळ्यात वाकडातिकडा रोलर कोस्टर, ‘सुसाट’, आता टिल्लूला मोकळा झाला होता!

पण टिल्लूने उडीबिडी मारली नाही. त्याने ताईचा हात धरला. "बाबा हवे होते ना गं," तो म्हणाला.

बाबा याच बागेत मिस्त्री होते. चौदा वर्षं, रोज सकाळी, दार उघडायच्या आधी ते सुसाटखालून प्रत्येक खांब तपासत फिरायचे. "लाल खुणेला पोहोचलास की पहिली फेरी माझ्याबरोबर," असं त्यांनी टिल्लूला कबूल केलं होतं. टिल्लू पोहोचला, बाबा मात्र दहा महिन्यांपूर्वी दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. तरीही कबूल केलेलं होतं म्हणून आई आज मुलांना घेऊन आली होती. सोबतीला आत्या होती आणि आत्याचा मुलगा चष्मिस. आई सुसाटकडे पाठ करून बाकावर बसली होती, डब्याची पिशवी पोटाशी घट्ट धरून. तिच्या शेजारी आत्या गप्प बसली होती, आणि आत्याने गप्प बसणं ही काही साधीसुधी गोष्ट नव्हे!

रांग लोखंडी कठड्यांमधून वळणं घेत रुळांच्या खालून जात होती. डोक्यावरून गाडी धडधडत गेली की सगळे माना वर करून ओरडायचे. चष्मिस एकटाच खाली बघत होता.

"ऐकलंस?"

"लोकांच्या किंकाळ्या? बहिरी नाहीये मी!" ताई म्हणाली.

"त्या नाही. गाडी गेल्यावर. टक्!"

पुढची गाडी आली. धडधड, किंकाळ्या, आणि मग, खरंच की! जवळच्या खांबातून आवाज आला. टक्!

"बाकीचे खांब गप्प आहेत. हाच बोलतोय. सात गाड्या मोजल्यात मी."

"रांगेत लोक गप्पा मारतात, हा गाड्या मोजतो!" टिल्लू म्हणाला.

ताई कठड्यावरून वाकली. खांबावर दोन जाड लोखंडी पट्ट्या एकमेकींना नटबोल्टांनी जोडल्या होत्या. प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर एक नारिंगी रेघ ओढलेली होती. ती रेघ कशासाठी असते हे ताईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नट घट्ट आवळायचा आणि त्याच्यावरून पट्टीपर्यंत एक सलग रेघ ओढायची. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

"सगळ्या सलग आहेत," ती हुश्श करून म्हणाली. आणि मग तिला नारिंगी रंगाखाली दुसरी, पुसट पांढरी रेघ दिसली. त्या रेघेच्या टोकाला उजवीकडे वळलेलं एक बारीक शेपूट होतं. बाबा ब्रश उचलताना झटका द्यायचे, त्याचं ते शेपूट! घरी दाराच्या चौकटीवर टिल्लूच्या उंचीच्या खुणांनाही अगदी तसंच होतं.

"बाबांची आहे," टिल्लू हळूच म्हणाला. त्याने कठड्यातून हात घातला, पण तो पोहोचला नाही.

ताईने डोळे पुसले आणि एकेक नट पाहत गेली. पांढरी रेघ सलग, वर नारिंगी सलग. दुसरा तसाच. तिसरा, चौथा... पाचव्याला ती थबकली. पट्टीवरचा पांढरा तुकडा एकीकडे होता आणि नटावरचा भलतीकडे! वरून मात्र झकास, ताजी, सरळ नारिंगी रेघ.

"नट फिरलाय! आणि कुणीतरी फिरलेल्या नटावरच नवी रेघ मारलीय!"

तिघं रांगेतून वाट काढत फलाटावर पोहोचले. तिथे गाडी सोडणारे काका बटणांपाशी उभे होते.

"काका, गाडी थांबवा! पाचवा नट सैल आहे!"

"सकाळीच तपासणी झालीय. रेघा सरळ आहेत की नाहीत?"

"आहेत, पण..."

"मग झालं तर! बसायचं असेल तर बसा, नाहीतर बाजूला व्हा. मागे दोनशे माणसं उभी आहेत."

"साहेबांना बोलवा ना!"

"हो, साहेब रिकामेच बसलेत!"

समोर गाडी उभी राहिली. तिच्यातली माणसं हसत, धडपडत उतरली आणि नवी चढू लागली. तेवढ्यात टिल्लूने तिची ओढणी ओढली.

"पोटावरचा एक जरी दांडा वर राहिला तरी गाडी हलत नाही. मालक आला तरी हलत नाही. बाबा म्हणायचे ना?"

"हो, पण..."

"मग मी बसतो. दांडा लावत नाही."

"टिल्ल्या, अरे, मग गाडी बंद होईल. तुझी फेरी..."

"माहितीये मला," टिल्लू म्हणाला.

तो पळत जाऊन पहिल्या डब्यातल्या पहिल्या जागेवर बसला. दोन वर्षं तो याच जागेची स्वप्नं बघत होता! त्याने दांड्याखाली दोन्ही हात लावले, पाय बाकड्याखाली अडकवले आणि डोळे गच्च मिटले.

"ए बाळा, घाबरलास का? मग उतर!"

"घाबरलो नाही! उतरणार नाही! दांडापण लावणार नाही!"

काकांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, पण पठ्ठ्या जळूसारखा चिकटून बसला होता. मागचे लोक ओरडू लागले. ताईने गाडीत बसलेल्या बाकीच्यांना हात जोडून खाली उतरायला सांगितलं. तेवढ्यात चष्मिसने रांगेकडे तोंड करून आरोळी ठोकली, "साहेब आल्याशिवाय गाडी सुटणार नाही!" मग काय, दोनशे माणसं साहेबांच्या नावाने ओरडायला लागली.

साहेब धापा टाकत आले. त्यांच्यामागून नवा मिस्त्री आला, आणि गलका ऐकून आई आणि आत्याही धावत आल्या. ताईने सगळ्यांना खांबापाशी नेलं.

मिस्त्रीने पाना काढला, पण त्याची गरजच पडली नाही. पाचवा नट बोटांनी फिरला.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "बंद करा! सुसाट आत्ताच्या आत्ता बंद!"

"रेघा पुसट झाल्या होत्या, साहेब," मिस्त्री रडकुंडीला येऊन म्हणाला. "उजळून घे म्हणालात, म्हणून मी उजळल्या. मला वाटलं, नुसती खूण असते."

"मीच म्हणालो होतो," साहेब कसंबसं बोलले. मग ते मुलांकडे वळले. "आज तुम्ही किती जणांचे जीव वाचवलेत! शाबास, पोरांनो! हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

ताईने आईकडे पाहिलं. साहेबांनीही तिकडे पाहिलं आणि आईला ओळखताच त्यांची मान खाली गेली.

"जसा बाप, तशी पोरं," आत्या म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली.

मिस्त्रीने रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं हातात घेतलं. आता सगळे नट नव्याने आवळायचे होते, सगळ्यांवर नव्या रेघा ओढायच्या होत्या.

"म्हणजे बाबांच्या पुसणार? सगळ्या?" टिल्लूने विचारलं.

"एखादी ठेवू की आपण, आठवण म्हणून," साहेब घाईघाईने म्हणाले.

"नको," ताई म्हणाली. "जुनी रेघ राहिली तर नवी नीट वाचता येत नाही. बाबा आधी पुसायचे, मगच ओढायचे."

टिल्लूने भोकाड पसरलं. सकाळपासून आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "तू असं कसं म्हणतेस! तू असं कसं म्हणतेस गं!" तो ताईला बुक्के मारत होता, आणि ताई त्याला मारू देत होती. तिलाही तेच म्हणावंसं वाटत होतं.

मिस्त्रीचा हात काही पुढे होईना. तेव्हा आईने डब्याची पिशवी चष्मिसकडे दिली आणि मिस्त्रीच्या हातातून फडकं घेतलं. पाचव्या नटापाशी ती वाकली. पांढऱ्या रेघेवरून तिने एकदा बोट फिरवलं, अगदी टोकाच्या शेपटापर्यंत. मग तिने ती रेघ घासून घासून पुसली, लोखंड काळं दिसेपर्यंत.

"आवळा आता," ती मिस्त्रीला म्हणाली. "आणि मला पुढचा दाखवा."