ओटीचा नारळ

कृष्णेला नवं पाणी आलं की अंबूबाई ओटी भरायच्या. खण, नारळ, हळद लावलेले तांदूळ. कोयत्यानं अर्धी गेलेली करंगळी वेगळी धरून त्या पाच दाणे परत घ्यायच्या आणि घरच्या तांदळाच्या डब्यात टाकायच्या.

त्यांचे यजमान, लालासाहेब गुरुजी, हसायचे. त्यांचा विश्वास पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पाणीपातळीच्या फुटांवर. २०१९ च्या पुरात त्यांनीच सांगितलं होतं, "कोयनेतनं सोडलेलं पाणी आपल्या उंबऱ्याला लागत न्हाई. कुटं जायचं न्हाई." अंबूबाईंनी ऐकलं. पण खालचं पाणी तुंबलं, उतरलंच नाही. गुरुजींना होडीवाल्यांनी काढलं. अंबूबाई सापडल्याच नाहीत.

यंदा जुलैत सून प्रियदर्शनी म्हणाली, "आवं मामंजी, आत्याबाईंची ओटी मी भरते. सोडा तेवढी तुमी."

गुरुजींनी घाटावरून ओटी सोडली आणि सवयीनं पोरांना म्हणाले, "मोजा रं." बावीस आकड्यांत नारळ पुलाखालून सांगलीच्या दिशेनं गेला. दाणे परत घ्यायचे राहिले.

दुसऱ्या सकाळी तोच नारळ पाण्यालगतच्या पायरीवर होता. सुनेनं लावलेलं कुंकू ओलं, पण पुसलेलं नव्हतं.

"गुरुजी, नदी मागं आली व्हय?" चौथीतल्या अश्लेषानं विचारलं.

"खालच्या धरणानं पाणी फुगतं, पोरी. थांबतं. पण मागं वाहत न्हाई." त्यांनी वाळूत काडीनं नदी काढून दाखवली. वर कोयना, खाली अलमट्टी, मध्ये आपलं गाव. आवाज नेहमीसारखाच होता. काडी मात्र दोनदा मोडली.

नारळ पुन्हा सोडला. पुन्हा बावीस.

तिसऱ्या सकाळी तो सात पायऱ्या वर होता. पाणी एकच पायरी चढलं होतं.

त्या दिवशी गुरुजींनी तो पुलाच्या मधोमध नेऊन सोडला. दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले.

चौथ्या सकाळी तो घराच्या उंबऱ्यावर होता. अंगण कोरडं. नारळाखाली तेवढा ओला गोल.

गुरुजींनी खाली बसून तो गोल बोटानं चाचपला. मग सुनेला म्हणाले, "सामान बांध."

"आवं, काल तर तुमीच म्हणालासा, पाणी आता उतरंल."

"मागच्या बारीला बी मीच म्हणालो हुतो."

दुपारी दोघं टेकावरच्या शाळेत गेली. संध्याकाळी पाण्यावर घराचं कौल दिसेना.

वर्गात चूल मांडून प्रियदर्शनीनं घरून आणलेला तांदळाचा डबा उघडला आणि थांबली.

"मामंजी, दाणे परत घेतलं हुतं व्हय तुमी?"

"न्हाई."

पांढऱ्या तांदळावर पाच पिवळे दाणे. ओले. भोवतीचे तांदूळ खडखडीत कोरडे.

गुरुजींनी तिच्या हातातलं झाकण घेतलं, उलटं केलं.

आतल्या बाजूला गाळाची बोटं उमटली होती. करंगळी अर्धीच.